स्मृतिभ्रंशाचे निदान आणि निरक्षर माणूस

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की, साठीनंतर माणूस विसरू लागला म्हणजे त्यात कोणाला काही विचारण्यासारखे वाटत नाही. खेड्यात त्याला म्हातारचळ म्हणतात. वस्तीत कोणी करणी म्हणते, कोणी बाहेरचे म्हणते. शिकलेल्या घरात 'वय झाले' एवढ्यावर भागते. या सगळ्या शब्दांचा परिणाम एकच होतो : माणूस दवाखान्यापर्यंत पोचत नाही. पोचला तरी तेथे त्याच्यापुढे जी परीक्षा ठेवली जाते, ती शाळेचे तोंड पाहिलेल्या माणसासाठी रचलेली असते. ज्यांच्या आयांना शाळेचे दार बंद होते, अशा आपणासारख्यांना या प्रश्नाचा स्वतंत्र विचार करणे भाग आहे. मी डॉक्टर नाही, मराठीचा अध्यापक आहे. परंतु गेली चार वर्षे हा आजार माझ्या घरात आहे. त्या निमित्ताने जे वाचावे लागले, विचारावे लागले आणि भोगावे लागले, ते कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक मित्रांपुढे मांडतो.

माझी आई जालना जिल्ह्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असावी. 'असावी' म्हणतो, कारण तिची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नाही. आधारकार्डावर १ जानेवारी पडली आहे. लग्नानंतर ती आणि वडील भाईंदरला आले. तेव्हा इथे मिठागरे आणि दलदल होती, आणि मीरा रोडच्या बाजूला नव्या इमारती उठू लागल्या होत्या. १९८५ साली येथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत या शहराची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती, २०११ च्या जनगणनेत ती ८ लाख ९ हजारांवर गेली. मधल्या वीस वर्षांत जे शहर उभे राहिले, त्याचे स्लॅब ज्यांच्या डोक्यावरच्या घमेल्यांतून वर गेले, त्या बिगारी बायांत माझी आई होती. त्याच घमेल्यावर मी एम. ए. झालो.

चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती भाजी आणायला गेली ती परतली नाही. रात्री साडेदहाला ती मीरा रोडच्या एका इमारतीच्या फाटकापाशी सापडली. तिथल्या वॉचमनला ती विचारत होती, "मुकादम आला का न्हाई अजून?" ती इमारत तिने बांधली होती. तीस वर्षांपूर्वीच्या एका सकाळी ती जाऊन उभी राहिली होती.

आजार म्हणजे काय

स्मृतिभ्रंश हे एका रोगाचे नाव नाही. स्मरण, भाषा, दिशेचे भान, हिशोब, निर्णय या मेंदूच्या शक्ती हळूहळू इतक्या क्षीण होतात की माणसाला रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः करता येत नाहीत, या अवस्थेचे ते नाव आहे. इंग्रजीतला 'डिमेन्शिया' हा शब्द आता मराठीतही रुळला आहे. ही अवस्था अनेक रोगांमुळे येते. त्यांतला सर्वांत मोठा रोग अल्झायमरचा.

आलोइस अल्झायमर हा जर्मन डॉक्टर. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात त्याच्याकडे आउगुस्ट डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई आली. तिला स्वतःचे नावही धड लिहिता येईना. १९०६ साली ती वारल्यावर त्याने तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर चिकट ठिपके साचलेले होते आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते झाले होते. ठिपके अमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे आणि गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे, हे पुढे कळले. १९१० साली क्रेपेलिन या मानसरोगतज्ज्ञाने आपल्या ग्रंथात या रोगाला अल्झायमरचे नाव दिले. हे नुकसान प्रथम मेंदूतल्या हिपोकॅम्पस या भागात आणि त्याच्या आसपास दिसू लागते. नवी आठवण साठवण्याचे काम तिथे चालते. म्हणूनच अशा माणसाला सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण १९७२ ची खडी आठवते. 'मागचे सगळे आठवते, मग आजार कसला?' असे नातेवाईक म्हणतात. वस्तुतः मागचे आठवणे आणि आताचे न आठवणे हीच या आजाराची सुरुवातीची खूण आहे.

दुसरे मोठे कारण रक्तवाहिन्यांचे. रक्तदाब आणि मधुमेह वर्षानुवर्षे आटोक्याबाहेर राहिले की मेंदूतल्या बारीक वाहिन्या बंद पडतात. कधी मोठा झटका येतो, कधी लहान लहान झटके येऊन जातात आणि कोणाला कळतही नाहीत. बऱ्याच वृद्धांत अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा आजार दोन्ही एकत्र असतात. यांखेरीज लुई बॉडीचा स्मृतिभ्रंश आहे. त्यात माणसाला नसलेली माणसे दिसतात, हातपाय ताठरतात. मेंदूच्या पुढच्या भागाचा एक प्रकार आहे. त्यात विसरणे नंतर येते, स्वभाव आधी बदलतो. शांत माणूस शिव्या देऊ लागतो, लाजरी बाई चारचौघांत लुगडे सोडते. करणी, भानामती, अंगात येणे म्हणून ज्या गोष्टी आपल्या वस्त्यांत सांगितल्या जातात, त्यांतल्या काहींच्या मुळाशी हे आजार असतात. भगताकडे जाण्यात जी दोन वर्षे जातात, ती परत मिळत नाहीत.

विसरणे आणि आजार

वय वाढले की सगळेच थोडे विसरतात. चष्मा कुठे ठेवला ते न आठवणे हे वय. चष्मा कशासाठी असतो ते न आठवणे हा आजार. शेजारणीचे नाव ओठावर येऊन अडले आणि तासाभराने आठवले, तर काळजीचे कारण नाही. रोज बोलणारी शेजारीण अनोळखी वाटली, तर आहे. तोच प्रश्न पाच मिनिटांत पाच वेळा विचारणे, ओळखीच्या वाटेवर हरवणे, आयुष्यभर केलेली भाकरी थापता न येणे, सुट्ट्या पैशांचा हिशोब चुकणे, कोणी पैसे चोरले असा सतत संशय घेणे, या गोष्टी महिन्यांमागून महिने वाढत असतील तर तपासणी केलीच पाहिजे.

एक भेद प्रत्येक कार्यकर्त्याने पाठच करून ठेवावा. स्मृतिभ्रंश महिन्यांनी आणि वर्षांनी येतो. कालपर्यंत ठीक असलेला म्हातारा आज अचानक बरळू लागला, माणसे ओळखेना, गुंगीत राहू लागला, तर तो स्मृतिभ्रंश समजून घरी ठेवू नये. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातील साखर किंवा सोडियम घसरणे, मेंदूतला झटका, एखाद्या गोळीचा दुष्परिणाम अशी कारणे त्यामागे असतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वेळेवर उपचार झाले तर असा माणूस पुष्कळदा पूर्वपदावर येतो.

काही कारणे हळूहळू येतात, पण बरी होण्यासारखी असतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड मंदावणे, उदासीनतेचा आजार, डोक्याला मार लागून कवटीच्या आत हळूहळू साकळलेले रक्त, मेंदूत पाणी वाढणे, जुना गरमीचा रोग, एच. आय. व्ही., दारूमुळे आलेली ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्या. बांधकामावर पडलेला मजूर 'काही झाले नाही' म्हणून उठतो आणि काही आठवड्यांनी अडखळू लागतो. त्याच्या डोक्यात रक्त साकळलेले असू शकते आणि शस्त्रक्रियेने ते काढता येते. म्हणून रक्ताच्या साध्या तपासण्या आणि मेंदूचा एक सी. टी. स्कॅन किंवा एम. आर. आय. केल्याशिवाय 'वयामुळे आहे, घरी न्या' हे वाक्य कोणाकडूनही ऐकून घेऊ नये.

परीक्षेचा प्रश्न

आईला आम्ही प्रथम एका खाजगी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी कागद काढला. ती परीक्षा जगभर वापरली जाते. १९७५ साली अमेरिकेत फोल्स्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. गुण ३०. साधारणपणे २४ च्या खाली गुण पडले तर संशय घेतात.

"आजी, आज तारीख काय?"

आई माझ्याकडे पाहू लागली. मग म्हणाली, "तारीख कशाला लागती मजुराला? हजेरी लागली की दिस गेला."

"शंभरातून सात वजा करा. पुन्हा सात. पुन्हा सात."

आई गप्प.

"हे वाचा आणि त्याप्रमाणे करा. एक वाक्य लिहा. हे चित्र पाहून काढा."

आईने पेन हातात घेतले ते विडी धरावी तसे. तिला १४ गुण पडले. कागदावर डॉक्टरांनी आजाराची पायरी लिहिली आणि पाच मिनिटांत आम्ही बाहेर आलो.

घरी येऊन मी तो कागद शिक्षकाच्या नजरेने पाहिला. आपण पेपर तपासतो तेव्हा प्रश्न काय मोजतो हे आधी पाहावे लागते. तारीख, महिना, साल यांचे ३ गुण. वजाबाकीचे ५. वाचनाचा १, लेखनाचा १, आकृतीचा १. बेरीज ११. हे ११ गुण शाळेत गेलेल्याचे आहेत. जिने कधी कॅलेंडर वाचले नाही, पेन धरले नाही, कागदावर वजाबाकी केली नाही, अशा बाईची बुद्धी शाबूत असली तरी या परीक्षेत ती १९ वर अडकू शकते, म्हणजे २४ च्या खालीच. याचा अर्थ ही परीक्षा काही अंशी आजार मोजते आणि काही अंशी शाळा. शाळा कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, हे या देशात जातीने आणि लिंगाने ठरवले. १९६१ च्या जनगणनेत अनुसूचित जातींच्या स्त्रियांत साक्षरतेचे प्रमाण शेकडा ३.२९ होते. माझी आई त्या जनगणनेच्या वेळी तीन-चार वर्षांची असावी. उरलेल्या सुमारे ९७ मुलींतली ती एक. साठ वर्षांनी त्या नाकारलेल्या शाळेचे गुण तिच्या मेंदूच्या खात्यात वजा झाले.

यात चूक दोन्ही बाजूंनी होते. एक, धडधाकट निरक्षर बाईला आजारी ठरवले जाते. दोन, आणि ही अधिक घातक, खरोखर आजारी असलेल्या बाईला 'अडाणी आहे, तिला काय येणार' म्हणून परत पाठवले जाते. दोन्हींत माणूस तपासलाच जात नाही.

यावर विचार झालेला नाही असे नाही. हरियाणातल्या बल्लभगड भागात निरक्षर वृद्धांची पाहणी करताना मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी ही परीक्षा हिंदीत नव्याने बसवली, ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. 'डोळे मिटा' हे लिहिलेले वाक्य वाचायला देण्याऐवजी तपासणाऱ्याने 'माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा' म्हणून स्वतः डोळे मिटायचे. वाक्य लिहायला सांगण्याऐवजी 'तुमच्या घराबद्दल काही सांगा' म्हणायचे. जोडीला घरच्या माणसाला विचारायची, रोजच्या व्यवहारांवर बेतलेली वेगळी प्रश्नावली तयार झाली. म्हणजे अडचण शास्त्राची नाही. शास्त्राने वाट काढून तीस वर्षे झाली. अडचण ही की गर्दीच्या दवाखान्यात जो कागद हाताशी असतो तोच पुढे येतो.

दुसऱ्यांदा आम्ही मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो. भाईंदरहून पहाटेची गाडी, केसपेपरची रांग, मग बाकावर चार तास. परंतु तेथल्या तरुण डॉक्टरबाईंनी आईला तारीख विचारली नाही. "मावशी, बाजार कोणत्या वारी असतो? आता थंडी आहे का पावसाळा? जेवण झालं का? काय होतं?" असे विचारले. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "पूर्वी या काय काय करायच्या आणि आता काय जमत नाही, ते सांगा."

मला सांगता येईना. मी कॉलेज, पेपर, सभा यांत. बहिणीने सांगितले. आई पंधरा बायांच्या टोळीची हजेरी तोंडी ठेवायची. शनिवारी खर्ची वाटताना मुकादमाच्या वहीत चूक निघायची, आईच्या हिशोबात निघायची नाही. कोणाची अर्धी पाळी, कोणाची उचल किती, सगळे डोक्यात. आणि गेली दोन वर्षे तिला पन्नासच्या नोटेतून सुटे किती यायचे ते कळत नव्हते.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "हेच मला हवं होतं."

निदानाचे मर्म या एका उत्तरात आहे. माणसाची तुलना पुस्तकातल्या माणसाशी करायची नसते. त्याची तुलना त्याच्याच कालच्या स्वतःशी करायची असते. निरक्षर माणसाची बुद्धी कागदावर नसते. ती त्याच्या कामात असते : भाकरीत, विणीत, जात्यात, जाळ्यात, हजेरीत. तिथली घसरण सांगणारा साक्षीदार घरात असतो आणि बहुधा ती बाई असते. त्या बाईला बाहेर बसवून शिकलेल्या मुलाला आत बोलावण्याची जी रीत आहे, तिने निदान चुकते. हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो.

पुढे रक्त तपासले, एम. आर. आय. झाला. ब-१२ कमी होते. साखर आणि रक्तदाब वाढलेले होते, आणि ते किती वर्षांपासून, कोणाला ठाऊक नव्हते. मेंदूत जुन्या लहान झटक्यांच्या खुणा होत्या आणि हिपोकॅम्पस आकसलेला होता. निदान झाले : संमिश्र स्मृतिभ्रंश. ऐकूही कमी येत होते, ते इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

शिक्षण आणि मेंदू

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या एका पाहणीत, २४,४८८ व्यक्तींमध्ये, पासष्टीपुढील माणसांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण शेकडा २.४४ आढळले होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने साठीपुढील भारतीयांत ते शेकडा ७.४ असल्याचे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे आजारी असल्याचे सांगितले. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या, म्हणून आजार तिप्पट झाला असे म्हणता येणार नाही. पण देशव्यापी पाहणीतली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. हे प्रमाण स्त्रियांत पुरुषांपेक्षा, खेड्यांत शहरांपेक्षा आणि न शिकलेल्यांत शिकलेल्यांपेक्षा जास्त निघाले.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात चौदा गोष्टी सांगितल्या आहेत. त्या सगळ्या दूर करता आल्या तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबणीवर पडतील असा त्यांचा हिशोब आहे. लहानपणी कमी शिक्षण, कमी ऐकू येणे, रक्तातील वाईट चरबी, उदासीनता, डोक्याला मार, व्यायामाचा अभाव, मधुमेह, धूम्रपान, रक्तदाब, लठ्ठपणा, अति दारू, एकटेपणा, हवेचे प्रदूषण आणि उपचार न झालेली अधू दृष्टी. ही यादी वस्तीच्या गल्लीत उभे राहून वाचावी. बहिरेपणाला यंत्र नाही, मोतीबिंदूला मुहूर्त नाही, रक्तदाब कधी मोजलेला नाही, सिमेंटची धूळ आणि चुलीचा धूर आयुष्यभर. वैद्यक ज्याला जोखीम म्हणते, त्यातले पुष्कळसे आपल्याकडे वारशाने येते, आणि तो वारसा रक्तातून येत नाही, गावकुसाबाहेरच्या जागेतून येतो.

शिक्षणाने मेंदूला काय मिळते? शास्त्रज्ञ त्याला मेंदूची राखीव पुंजी म्हणतात. लहानपणापासून ज्या मेंदूला नवनवे आव्हान मिळते, त्यात पर्यायी वाटा तयार होतात. पुढे रोगाने एक वाट बंद केली तरी दुसरीवरून काम चालते. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ पासून ६७८ ख्रिस्ती जोगिणींचा अभ्यास केला. मठात येताना तरुणपणी त्यांनी लिहिलेली आत्मवृत्ते जपून ठेवलेली होती. ज्यांच्या लिखाणात विचारांची वीण दाट होती, त्यांच्यात म्हातारपणी हा रोग कमी आढळला. काहींच्या मेंदूत मरणोत्तर तपासणीत रोगाच्या खुणा सापडल्या, पण जिवंतपणी त्यांची बुद्धी शाबूत होती. ते वाचताना माझ्या मनात आले ते एवढेच की, आमच्या आयांची विसाव्या वर्षीची आत्मवृत्ते कोणत्या कपाटात शोधायची?

तथापि निरक्षर म्हणजे पुंजी शून्य, असा निष्कर्ष काढणे चूक आहे. हैदराबादच्या सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे त्यांना आढळले, आणि निरक्षर माणसांतही हा फरक दिसला. म्हणजे त्याचे श्रेय केवळ शाळेला देता येत नाही. मीरा-भाईंदरच्या नाक्यावर उभी राहणारी बाई मराठवाडी बोलते, गुजराती शेठशी गुजराती, राजस्थानी मिस्त्रीशी हिंदी. शाळेने तिला काही दिले नाही. पोटाने तिला तीन भाषा शिकवल्या. तीही पुंजीच आहे, फक्त तिची नोंद कोणत्या परीक्षेत नाही.

उपचार

या आजाराला मुळापासून बरे करणारे औषध आज नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. 'मेंदूचे टॉनिक' म्हणून जी महाग चूर्णे आणि कॅप्सुली विकल्या जातात, त्यांवर मजुरी उधळू नये. अल्झायमरसाठी डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन आणि मेमँटिन ही औषधे आहेत. ती काही काळ लक्षणे सावरतात, रोग थांबवत नाहीत. पहिल्या तिन्हींनी मळमळ होऊ शकते, नाडी मंदावू शकते. म्हणून ती डॉक्टरांच्या सांगण्यानेच घ्यावीत. अमेरिकेत २०२३ साली लेकॅनेमॅब आणि २०२४ साली डोनॅनेमॅब या अमिलॉइड साफ करणाऱ्या औषधांना पूर्ण मान्यता मिळाली. ती केवळ सुरुवातीच्या अवस्थेत देतात. त्यांनी घसरण थोडी मंदावते. मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो म्हणून वारंवार एम. आर. आय. करावा लागतो. त्यांची किंमत पाहता आपल्या वस्तीपर्यंत ती केव्हा येतील याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

जे हाती आहे ते पुष्कळ आहे. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे. ब-१२ ची इंजेक्शने. मोतीबिंदू काढणे, कानाला यंत्र लावणे. रोज चालणे. दिवसाला ठरावीक क्रम देणे. आईला कानाचे यंत्र बसवल्यावर ती आठवड्यात बोलू लागली. आम्ही ज्याला आजार समजत होतो, त्यातला काही भाग नुसते न ऐकू येणे होता. वर्षभर ती बरी राहिली. नंतर पुन्हा घसरण सुरू झाली. ती चालूच आहे.

घरच्यांनी शिकायच्या काही गोष्टी आहेत. वाद घालू नये. आई 'मुकादम आला का' म्हणते तेव्हा 'मुकादम कधीच मेला' असे मी सुरुवातीला सांगत असे, आणि ती प्रत्येक वेळी नव्याने रडे. आता बहीण म्हणते, "आज सुट्टी हाय गं." आई निवांत होते. हे खोटे बोलणे नाही, तिच्या जगात जाऊन तिचा हात धरणे आहे. दाराला ओळखीची खूण लावावी, कारण आपल्या इमारतींची सगळी दारे सारखी. गळ्यात किंवा हातात नाव आणि फोन नंबर असलेली पट्टी बांधावी. हरवल्यास वाट न पाहता पोलिसांत कळवावे. रेल्वेचे रूळ जवळ असतील तर एक मिनिटही दवडू नये. गॅस बंद ठेवण्याची सोय करावी. हाताला सोपे काम द्यावे : शेंगा सोलणे, लसूण निवडणे, घड्या घालणे. आणि गाणे. आईला माझे नाव कधी आठवते, कधी नाही. १४ एप्रिलला वस्तीत भीमगीते सुरू झाली की मात्र ती सगळी कडवी म्हणते. गाण्याची आठवण बऱ्याच जणांत उशिरापर्यंत टिकते, हे वैद्यकालाही ठाऊक आहे.

सांभाळणारी कोण

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' (२०१३) हा मराठीतला या विषयावरचा महत्त्वाचा चित्रपट. मोहन आगाशे यांनी रंगवलेले निवृत्त संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री रस्त्यात हत्तीच्या मागे निघून जातात, आणि हत्तीवर पोट भरणाऱ्या कुटुंबातली कानडी बोलणारी चन्नम्मा त्यांना लेकरासारखे सांभाळते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट प्रामाणिक आहे. शास्त्र्याचे ज्ञान गळून पडते तेव्हा त्याला सावरायला ज्ञानाच्या बाहेर ठेवलेली बाई येते, हे त्याने दाखवले. परंतु तो पाहताना मला सारखे वाटत होते, चन्नम्मा म्हातारी होईल आणि विसरू लागेल तेव्हा तिच्यावर चित्रपट कोण काढील? शास्त्र्याने काय गमावले ते सर्वांना कळते, कारण त्याचे ग्रंथ आहेत. चन्नम्माने काय गमावले हे सांगायला तिच्याजवळ काहीच लिहिलेले नसेल.

मीरा रोडच्या, बोरिवलीच्या इमारतींत असे आजारी वृद्ध सांभाळायला ब्यूरोच्या बाया जातात. बारा तासांची पाळी, न्हाऊ घालणे, भरवणे, रात्रीचे ओरडणे, कधी मार. त्यांतल्या पुष्कळ जणी आपल्याच वस्त्यांतल्या आहेत. आमच्या गल्लीतली एक बाई दुसऱ्याच्या विसरलेल्या आईला सांभाळायला जाताना स्वतःच्या विसरलेल्या सासूला बाहेरून कडी लावून जाते. तिला दोष देण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि माझ्या घरात? आईचे निदान झाले तेव्हा बहिणीने शिवणाच्या कारखान्यातले काम सोडले. मी सोडले नाही. कोणी तसे ठरवले नव्हते, चर्चाही झाली नव्हती. स्त्रीमुक्तीवर व्याख्यान देणाऱ्या माझ्यासारख्याच्या घरातही ते आपोआप झाले. आता रविवार आणि सुट्टीचे दिवस माझे, आईची आंघोळ माझी. हे उशिरा सुचले, हे कबूल करतो.

काय करता येईल

मीरा रोडच्या परिसरातून ज्येष्ठांसाठी काम करणारी सिल्व्हर इनिंग्ज ही संस्था आहे. १९९२ साली केरळात सुरू झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेची शाखा मुंबईत आहे. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हे शासनाचे दूरध्वनी क्रमांक आहेत. केरळ शासनाने २०१४ साली या आजारासाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला. म्हणजे शासनाने मनावर घेतले तर होऊ शकते.

आपण तीन गोष्टींची मागणी धरू. पहिली, निरक्षर माणसाला लागू पडेल अशी मराठी परीक्षा प्रत्येक शहराच्या सार्वजनिक रुग्णालयात वापरात असावी, आणि सोबत घरच्या माणसाची साक्ष नोंदवली जावी. दुसरी, आशा कार्यकर्त्या दारोदार जातातच. रक्तदाब, साखर, कान आणि डोळे यांच्याबरोबर विसरण्याचे चार प्रश्न त्यांच्या हाती द्यावेत, आणि त्या वाढीव कामाचा मोबदलाही. तिसरी, वस्तीत दिवसाचे पाळणाघर असते तसे म्हाताऱ्यांसाठी दिवसघर असावे, म्हणजे कोणाला कडी लावून जावे लागणार नाही.

मागणीखेरीज एक काम आपले स्वतःचे आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना मी यंदा प्रकल्प दिला आहे. आपल्या आजीकडे, आईकडे बसायचे आणि तिला काय काय येते ते लिहून काढायचे. किती माणसांचा स्वयंपाक अंदाजाने करते, किती नाती सांगते, कोणती गाणी येतात, किती भाषा बोलते, तोंडी हिशोब कुठवर करते. मुले आधी हसली. आता वह्या भरून आणतात. एका मुलीच्या आजीला ओव्या इतक्या येतात की वही पुरली नाही. या वह्यांचे दोन उपयोग आहेत. उद्या ती बाई विसरू लागली तर डॉक्टरपुढे ठेवायला तिच्या कालच्या बुद्धीचा लेखी पुरावा असेल. आणि ती विसरली नाही, तरी तो असेल.

माझ्या आईची अशी वही नाही. मी तेव्हा दुसऱ्यांच्या आत्मकथनांवर टिपणे काढत होतो. आता रविवारी तिच्याजवळ बसतो. कधी ती मला मुकादम समजते आणि हजेरी सांगू लागते. पंधरा नावे. त्यांतली नऊ मी उतरवून घेतली आहेत.